फुलांची वेळ : चैत्र-वैशाखातील बहर पाहावा कसा

उन्हाळा म्हणजे बागेने कसाबसा तग धरण्याचा काळ आणि फुले म्हणजे पावसाळ्याची किंवा हिवाळ्याची मिरास, असा समज शहरी वाचकांमध्ये इतका रुजलेला आहे, की फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरासमोरच्या रस्त्यावर जे काही घडत असते त्याकडे पुष्कळांचे लक्षच जात नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. महाराष्ट्रातील पानझडी वृक्षांपैकी, म्हणजे वर्षातून एकदा बहुतेक सर्व पाने गाळणाऱ्या वृक्षांपैकी, कितीतरी वृक्षांचा मुख्य बहर याच चार महिन्यांत येतो आणि घरच्या कुंडीतील मोगरा, अनंत, सोनचाफा यांचे दिवसही हेच असतात. या फुलांचा आनंद घेण्यात आड येते ती फुलांची टंचाई नव्हे, तर वेळेचा मेळ न बसणे. कारण उन्हाळी फुलांपैकी बहुतेकांची खरी शोभा पहाटे, सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर असते आणि माणूस त्यांच्याकडे पाहतो तो दुपारी कामावर जाता-येता, डोळे दिपलेले असताना. म्हणून कोणते फूल कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि किती जवळून पाहावे, हे कळले की अर्धे काम झाले.

एवढ्या कडक उन्हात झाडे फुलतात तरी का, हा प्रश्न साहजिक आहे. हिवाळा संपताना जमिनीतील ओलावा घटू लागतो आणि पानांवाटे होणारे पाण्याचे उत्सर्जन, ज्याला बाष्पोच्छ्वास म्हणतात, झाडाला परवडेनासे होते, म्हणून झाड पाने गाळते. त्यानंतर निष्पर्ण फांद्यांवर फुललेली फुले पानांच्या आडोशाला लपत नाहीत आणि पक्ष्यांना, मधमाश्यांना व भुंग्यांना ती दुरूनही दिसतात. परागण म्हणजे एका फुलातील पराग दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोहोचणे, आणि हे काम ज्यांच्यावर सोपवलेले असते त्यांना वाट दाखवण्याची ही व्यवस्था आहे. पळसासारख्या झाडांच्या बाबतीत आणखी एक सोय साधते, ती अशी, की मार्चमध्ये फुललेल्या फुलांच्या शेंगा मे-जूनपर्यंत वाळून वाऱ्यावर निघतात आणि बी जमिनीला टेकते तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो.

बहराचा क्रम एकदा ध्यानात आला की उन्हाळा रिकामा वाटत नाही. आरंभ काटेसावर, पळस आणि पांगारा या तीन लाल-केशरी फुलांच्या झाडांनी होतो, आणि शिमग्याच्या सुमारास घाटात किंवा गावाबाहेरच्या माळावर ती ओळखणे सर्वांत सोपे असते. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले असल्याने संस्कृतात त्याला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, असे नाव पडले, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मात्र फुले गळून नवी त्रिदल पाने फुटली की पडताळून पाहावी. गुढीपाडव्याच्या सुमारास कडुनिंबाचा पांढरा, नाजूक फुलोरा येतो. प्रसादाच्या वाटीत गुळासोबत जातो तो हाच. पण सायंकाळी झाडाखाली थांबून त्याचा मंद, मधुर गंध घेणारे थोडे. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याकाठचा वायवर्ण पांढऱ्या व पुढे पिवळसर होत जाणाऱ्या पाकळ्यांनी भरतो, करंजाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडतो, एप्रिल-मे हे बहावा आणि ताम्हण यांचे महिने असतात, आणि मे उलटताना गुलमोहर व रानातला पांढरा कुडा ही रांग पूर्ण करतात. कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या हवामानानुसार या तारखा दोन-तीन आठवड्यांनी मागेपुढे होतात, म्हणून छापील कोष्टकावर विसंबण्यापेक्षा आपल्या गल्लीतील झाडांची नोंद स्वतः ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

या सर्वांत बहाव्यासाठी वाचकाने एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. ‘कॅसिया फिस्तुला’ हे त्याचे शास्त्रीय नाव. हिंदीत तो अमलतास, आयुर्वेदात आरग्वध, आणि केरळात एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या विषू या सणाच्या पहाटदर्शनात त्याच्या फुलांना मानाचे स्थान असते. त्याचा फुलोरा झुंबरासारखा खाली लोंबतो आणि त्याची लांबी सुमारे ३० ते ६० सेंटिमीटर भरते. फुलोऱ्याच्या बुंध्याकडील फुले आधी उमलतात व टोकाशी हिरवट-पिवळ्या गोल कळ्या शिल्लक राहतात, त्यामुळे एकाच झुंबरात कळीपासून गळणाऱ्या पाकळीपर्यंत फुलाचे सारे आयुष्य पाहता येते. खाली पडलेले एक ताजे फूल तळहातावर घेऊन त्यातील पुंकेसर, म्हणजे पराग धारण करणारे तंतू, मोजावेत. ते दहा असतात, पण सारखे नसतात : तीन लांब आणि धनुष्यासारखे वळलेले, चार मध्यम उंचीचे आणि तीन अगदी आखूड, ज्यांचा परागाच्या कामी फारसा उपयोग नसतो. ही विषमता निरर्थक नाही. मोठा काळा भुंगा मधल्या पुंकेसरांना धरून अंगाची थरथर करतो व त्यांतून झडणारा पराग खाद्य म्हणून गोळा करतो, तेव्हा लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगाला लागतो आणि पुढच्या फुलापर्यंत जातो; झाड जणू भुंग्याची शिदोरी वेगळी आणि टपालाची थैली वेगळी ठेवते. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान बहाव्याखाली पाच मिनिटे शांत उभे राहिल्यास भुंग्याच्या नेहमीच्या गुणगुणीहून निराळा, तुटक, चढ्या सुराचा आवाज ऐकू येतो, तो या थरथरीचा असतो. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो, हा लोकसमज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. एप्रिलच्या उत्तरार्धातील बहर आणि जूनच्या पूर्वार्धातील मोसमी पाऊस यांतील अंतर बहुतेक वर्षी तेवढेच भरते, म्हणून तो टिकून आहे, पण पेरणीचा निर्णय त्यावर सोपवू नये.

ताम्हण किंवा जारूळ हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, हे शाळेत पाठ केलेले असूनही ते ओळखणारे कमी आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे. त्याचा फुलोरा बहाव्याच्या उलट, फांदीच्या टोकावर वर ताठ उभा राहतो. पाकळ्या जांभळ्या, साधारणपणे सहा किंवा सात, आणि देठाशी चिंचोळ्या होऊन वर चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पसरतात, व मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. नव्या फुलाचा जांभळा रंग उन्हात दिवसागणिक फिका पडतो, म्हणून एकाच तुऱ्यात गडद आणि फिक्या छटा शेजारी-शेजारी दिसतात. १ मे या महाराष्ट्र दिनाच्या आसपास शहरांतील पुष्कळ ताम्हण फुललेले असतात. त्या सुट्टीच्या सकाळी मुलांना घेऊन जवळचे एक झाड शोधणे, हा राज्यपुष्प शिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याच दिवशी साताऱ्यात कलावंत आणि निसर्गप्रेमी एकत्र येऊन गुलमोहर दिन साजरा करतात, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याच्या फुलाला पाच पाकळ्या असतात, पण चार तांबड्या आणि एक वेगळी; ही पाचवी पाकळी, जिला ध्वजपाकळी म्हणता येईल, पांढरट-पिवळ्या रंगावर लाल ठिपक्या-रेघांनी नटलेली असते. गुलमोहर दुरून पाहण्याचे झाड आहे अशी समजूत असली तरी या एका पाकळीसाठी तो जवळून पाहावा. पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढण्याचा मुलांचा खेळही याच फुलावरचा. नव्याने झाड लावू इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की गुलमोहराची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडण्याचे व झाड उन्मळण्याचे प्रकार वारंवार घडतात. घराच्या भिंतीलगत किंवा वाहनतळाच्या कडेला तो लावू नये. मोकळ्या मैदानात त्याला तोड नाही.

पिवळ्या फुलांचे उभे तुरे आणि तांबूस, तांब्याच्या पत्र्यासारख्या चपट्या शेंगा असलेला पीतमोहर, ज्याला सोनमोहर असेही म्हणतात, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला नीलमोहर, ज्याला अनेकजण जॅकरँडा म्हणूनच ओळखतात, हे दोन्ही रस्त्यांच्या कडेला मुद्दाम लावलेले वृक्ष आहेत. पुणे किंवा बंगळूर यांसारख्या समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या शहरांत नीलमोहर जसा बहरतो तसा मुंबईच्या दमट हवेत बहरत नाही. पीतमोहर आणि बहावा यांची गल्लत नेहमी होते. तुरा वर उभा असेल तर पीतमोहर आणि लोंबता असेल तर बहावा, एवढी खूण पुरते.

डोळ्यांपेक्षा नाकाने शोधावीत अशी झाडे निराळी. शिरीष हे त्यांतील पहिले : रेशमी तंतूंच्या फिकट हिरवट-पिवळ्या झुबक्यांचे हे फूल पाकळ्यांचे नव्हे तर पुंकेसरांचेच बनल्यासारखे दिसते, आणि कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या प्रस्तावनेतील ग्रीष्मगीतात स्त्रिया कानावर माळतात ते हेच फूल. शहरांत शिरीष समजून ज्याकडे बोट दाखवले जाते तो बहुधा गुलाबी झुबक्यांचा परदेशी वर्षावृक्ष असतो. सुगंधावरून आणि वाळल्यावर वाऱ्यात खुळखुळणाऱ्या पेंढ्याच्या रंगाच्या चपट्या शेंगांवरून खरा शिरीष ओळखता येतो. बकुळीची फुले तारकेसारखी, मळकट पांढरी आणि इतकी लहान असतात, की झाडावर ती सहसा दिसत नाहीत. पहाटे झाडाखाली सडा पडतो तेव्हाच तिचा पत्ता लागतो, आणि वाळल्यावरही गंध टिकत असल्याने ती कपड्यांच्या घडीत ठेवण्याची जुनी रीत आजही पाळण्याजोगी आहे. सिंधुदुर्गात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जाणाऱ्यांनी सुरंगी चुकवू नये. जुन्या फांद्यांना चिकटून येणाऱ्या तिच्या कळ्या उमलण्यापूर्वी काढून त्यांचे वळेसर केले जातात आणि हा उद्योग तेथील अनेक कुटुंबांना हंगामी उत्पन्न देतो. पांढरा चाफा निष्पर्ण फांद्यांवरही फुलतो आणि रात्री त्याचा गंध वाढतो. गंमत अशी, की त्याच्या फुलात मध नसतो, गंधाला भुलून येणारे पतंग रित्या सोंडेनेच परततात आणि तरीही परागाचे काम करून जातात.

पाहण्याची रीत साधी ठेवावी. सकाळी सहा ते आठ या वेळेत घरापासून एक-दीड किलोमीटरचा एकच रस्ता ठरवावा आणि फेब्रुवारीअखेर ते जून आठवड्यातून एकदा त्याच रस्त्याने चालावे. रोज नवा रस्ता घेणाऱ्याला बरीच झाडे दिसतात, पण एकाच झाडातील बदल दिसत नाही, आणि बहराचा खरा आनंद त्या बदलात आहे. पहिली कळी, भर बहर, पहिली शेंग आणि नवी पालवी या चार तारखा वहीत लिहाव्यात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणते झाड लवकर फुलले आणि कोणते रखडले याचा अंदाज येऊ लागतो. नावे ओळखण्याची अडचण असणाऱ्यांनी मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, किंवा पुण्यात एम्प्रेस गार्डन येथे एखादी सकाळ घालवावी, कारण एकाच आवारात इतके विविध जुने वृक्ष इतरत्र क्वचितच पाहायला मिळतात. सोबतीला पुस्तक हवे असल्यास दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ आणि डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे ‘फुलवा’ ही दोन मराठी पुस्तके महिन्यांकडे आणि फुलांकडे पाहण्याची दृष्टी देतात. परागामुळे शिंका किंवा दमा यांचा त्रास होणाऱ्यांनी भर बहरातील झाडाखाली फार वेळ थांबू नये.

घरच्या बागेत उन्हाळ्याचा मान निर्विवाद मोगऱ्याचा आहे, आणि तो फुलत नाही ही तक्रारही त्याच्याइतकी दुसऱ्या कोणत्याही झाडाबद्दल ऐकू येत नाही. कारणे बहुधा तीन असतात : ऊन कमी, छाटणी नाही आणि नत्रयुक्त खत जास्त. मोगऱ्याला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते न मिळाल्यास झाड हिरवेगार राहते, लांबच लांब फांद्या टाकते, पण कळी धरत नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, म्हणून जुन्या फांद्या तशाच ठेवल्यास फुलांची जागाच तयार होत नाही. यासाठी डिसेंबर-जानेवारीत दहा-पंधरा दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती घेऊ द्यावी, मग जमिनीपासून एक ते दीड फुटावर छाटणी करावी, वरची दोन-तीन इंच माती मोकळी करून तीत कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा मिसळावा आणि पाणी सुरू करावे. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने वाढतात, फुले नव्हे. ज्यांची हिवाळी छाटणी राहून गेली त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही, कारण फुलून गेलेल्या प्रत्येक फांदीचे टोक दोन-तीन इंच खुडत राहिल्यास खालून नवी फूट येते आणि साधारण महिन्याभरात तीवर पुन्हा कळ्या दिसतात. बहर सरला की कात्री हाती घ्यावी, हा मोगऱ्याच्या बाबतीत कधीही न फसणारा नियम आहे.

पाणी देण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतर असावी. दहा-बारा इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये बहुधा रोज पाणी लागते आणि विदर्भासारख्या तीव्र उन्हाच्या भागात दोन वेळाही लागू शकते, तथापि बोट दोन इंच मातीत घालून ओल तपासल्याशिवाय पाणी घालू नये, कारण सुकलेल्या मुळाची आणि कुजलेल्या मुळाची खूण, म्हणजे मान टाकलेली पाने, सारखीच दिसते. मातीवर वाळलेल्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर द्यावा. याला आच्छादन म्हणतात आणि त्यामुळे बाष्पीभवन कमी होऊन मुळे गार राहतात. गच्चीवर तापणाऱ्या फरशीचा चटका कुंडीला खालून बसतो, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात आणि एकमेकींच्या सावलीत येतील अशा जवळ मांडाव्यात. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते; शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे क्षारयुक्त पाणी मात्र रोज घालू नये. पाने निस्तेज होऊन त्यांच्या मागच्या बाजूस बारीक जाळी दिसू लागली, तर तो लाल कोळी या सूक्ष्म किडीचा प्रादुर्भाव असतो. कोरड्या उष्ण हवेत तो वाढतो आणि पानांच्या मागील बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने व आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क फवारल्याने आटोक्यात येतो. कळ्या जांभळट होऊन गळत असतील आणि त्यांना छिद्र दिसत असेल, तर आत कळी पोखरणारी अळी असते. अशा कळ्या तोडून कुंडीपासून दूर नष्ट कराव्यात.

मोगरा उमलताना पाहण्याचे भाग्य घरात कुंडी असूनही अनेकांच्या वाट्याला येत नाही, कारण तो क्षण दिवेलागणीचा असतो. सकाळी हिरवट व बारीक दिसणारी कळी दुपारी चारपर्यंत फुगीर व दुधासारखी पांढरी होते, सूर्य मावळला की तिची घट्ट गुंडाळी टोकाकडून सैल होऊ लागते, पहिल्या पाकळीची कड बाहेर वळते आणि अर्ध्या-एक तासात वास अंगणभर होतो. रात्री उडणाऱ्या पतंगांना अंधारात वाट दाखवणारे हे पांढरे, सुवासिक फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुलाबी-तपकिरी पडून गळते. गजऱ्यासाठी कळ्या काढायच्या तर त्या सायंकाळी, पूर्ण भरलेल्या पण न उमललेल्या अशा काढाव्यात, ओल्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफाव्यात. उमललेली फुले ओवली तर गजरा रात्र संपण्याआधीच मलूल होतो. बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा अशा जाती पाकळ्यांच्या संख्येने व कळीच्या आकाराने भिन्न असल्या तरी निगा सर्वांची एकच आहे. रोपवाटिकेतून फुलांनी लगडलेले रोप उचलण्यापेक्षा चार-पाच जोमदार फांद्या असलेले, कळ्या नसलेले रोप घ्यावे.

अनंताला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीयुक्त माती किंवा जड पाणी मिळाल्यास त्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, जे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, आणि त्यावर पावसाचे साठवलेले पाणी व भरपूर कंपोस्ट हा टिकाऊ उपाय आहे. सोनचाफ्याचे कलमी रोप मोठ्या कुंडीतही फुलते. बोगनवेलीला उलट पाण्याचा ताण मानवतो. तिचा जो रंगीत भाग फूल समजला जातो तो वस्तुतः सहपत्रांचा, म्हणजे फुलाला लागून येणाऱ्या रूपांतरित पानांचा असतो व खरे फूल त्याच्या मध्यभागी बारीक पांढऱ्या नळीसारखे दिसते. सकाळी उघडून दुपारी मिटणारे ‘ऑफिस टाइम’ हे जमिनीलगतचे रोप आणि तोरणा-हारांत वापरला जाणारा गलांडा ही दोन्ही भर उन्हात, थोड्या निगेवर फुलतात आणि नव्याने बाग करणाऱ्याचा हुरूप वाढवतात.

मे महिन्याच्या अखेरीस, बहुधा वळवाच्या पहिल्या सरींनंतर, कुंडीतील उघड्या मातीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्यावर असंख्य लाल फुलांचा चेंडू उमलतो, तो ‘मे फ्लॉवर’ किंवा फुटबॉल लिली या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकी कंद. हिवाळ्यात त्याची पाने पिवळी पडली की पाणी तोडावे आणि कुंडी तशीच बाजूला ठेवावी. ‘मेले’ म्हणून त्या वेळी फेकून दिलेल्या कंदांची संख्या मोठी असावी.

या फुलांना मराठी घरात उन्हाळ्याचे काम नेमून दिलेले आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे यांच्याबरोबर मोगरा हवाच, आणि माठातील पाण्यात वाळ्याची जुडी व मोगऱ्याची दोन फुले टाकण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र घरचीच, औषध न फवारलेली फुले वापरावीत. बाजारातील फुले देवाला आणि केसांत ठीक, माठात नकोत. त्याचप्रमाणे कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही सर्वांगाने विषारी असून बिट्टीच्या बिया तर जीवघेण्या ठरू शकतात, म्हणून लहान मुले व पाळीव जनावरे असलेल्या घरी ही झाडे हाताच्या अंतरावर नसावीत, आणि चाफ्याचा पांढरा चीक डोळ्यात किंवा त्वचेवर जाऊ देऊ नये.

परिसरातील फुले सर्वांची असतात, याचा अर्थ ती कोणीही तोडावीत असा होत नाही. पूजेसाठी दुसऱ्याच्या कुंपणावरून हात घालून पहाटे फुले खुडण्याची सवय अनेक ठिकाणी प्रतिष्ठा पावलेली आहे, ती सोडली पाहिजे. बकुळ, करंज, बहावा यांची गळलेली फुले वेचावीत, तोडायची तर विचारून आणि झाडावर निम्म्याहून अधिक राहतील अशी. सोसायटीच्या आवारात पाकळ्यांचा सडा पडला की तो ‘कचरा’ म्हणून तासाभरात झाडून काढण्याऐवजी निदान सायंकाळपर्यंत राहू द्यावा आणि नंतर झाडाच्याच आळ्यात लोटावा, म्हणजे आयते आच्छादन होते. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक अगदी खोडापर्यंत भिडवलेले असतील तर किमान एक मीटर माती मोकळी करून घेण्याचा आग्रह धरावा, कारण मुळांपर्यंत पाणी आणि हवा न पोहोचलेले झाड आधी बहर कमी करते आणि मग वाळते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये, बहाव्याच्या व ताम्हणाच्या भर बहरात केली जाते, याचे दुःख पुष्कळांना होते. धोकादायक नसलेल्या फांद्यांची छाटणी फुले ओसरेपर्यंत पुढे ढकलावी, अशी लेखी विनंती रहिवाशांनी मार्चमध्येच स्थानिक संस्थेच्या उद्यान विभागाकडे करावी. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत झाडांचे संरक्षण व जतन करण्यासाठी १९७५ चा अधिनियम लागू आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना. ही बाब सोसायटीच्या सभेत वेळीच सांगितली गेली तर एखादा जुना वृक्ष वाचतो.

पुढच्या पिढीसाठी एखादे झाड लावायचे असेल तर देशी बहावा निवडावा. फुललेल्या बहाव्यावर त्याच वेळी लोंबणाऱ्या काळपट, हातभर लांब, गोल शेंगा गेल्या वर्षीच्या फुलांच्या असतात, कारण शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते. खाली पडलेली एखादी शेंग फोडून चकत्यांसारख्या कप्प्यांतील चपट्या बिया काढाव्यात, त्यांचे कवच कठीण असल्याने त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर तसेच राहू द्यावे, आणि फुगलेल्या बिया वैशाख संपण्यापूर्वी पिशवीत पेराव्यात. रोप वर्ष-दोन वर्षे पिशवीत किंवा कुंडीत वाढवून पावसाळ्याच्या आरंभी, भरपूर ऊन येईल आणि वर तारा नसतील अशा जागी लावावे. पहिल्या झुंबरासाठी त्यानंतरही काही वर्षे वाट पाहावी लागते, म्हणून बी याच वैशाखात पेरावे.